सहा भाग, सहा महिने

संपादकांनी "मालिका संपली, आता अनुभव लिहा" असं सांगितलं तेव्हा मी दोन वेळा टाळलं. पण ज्यांच्या शनिवारांवर आम्ही सहा महिने दरोडा घातला ते सगळे आपल्या मंडळातलेच, तेव्हा हिशेब द्यायलाच हवा.

'आजी आली' ही आमची हौशी मालिका सुरू झाली ती माझ्या आईमुळे. 2024 च्या ऑक्टोबरात ती मिरजेहून न्यू जर्सीला आली. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने सहा महिने दिले. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना मिळतात तेवढेच. पहिल्या आठवड्यातच तिने सगळी कपाटं आवरली आणि विचारलं, "आता मी काय करू?" तोच पहिल्या भागाचा पहिला संवाद. नट शोधायची गरजच पडली नाही.

आईने आयुष्यात कधी काम केलेलं नव्हतं, नाटकातलं म्हणते मी. दुसरा टेक म्हटलं की ती म्हणायची, "एकदा सांगितलं ना! पुन्हा काय?" आणि दुसऱ्यांदा भलतंच वाक्य बोलायची, बहुधा माझ्यापेक्षा बरं. पोळ्यांच्या प्रसंगात प्रत्येक टेकला नवी पोळी लागे, कारण आधीची फुगून मोकळी झालेली असे. त्या दिवशी चाळीसच्या वर पोळ्या झाल्या आणि आलेल्या मंडळींनी वांग्याच्या भाजीबरोबर त्या संपवल्या.

चित्राची काळजी आम्ही उगाच केली. फोनचा कॅमेरा चांगला असतो. आम्हाला रडवलं आवाजाने. पहिला भाग पाहायला बसलो तर आईपेक्षा बेसमेंटमधली भट्टीच जास्त बोलत होती! पुढे भट्टी बंद, फ्रीज बंद, आणि गाडीची किल्ली फ्रीजमध्ये. ही युक्ती ध्वनिमुद्रण करणाऱ्या लोकांची आहे: किल्लीशिवाय कुणी घरी जाऊ शकत नाही, म्हणून फ्रीज पुन्हा चालू करायचा राहत नाही. रेशमी साडीवर माइक लावला की सळसळ ऐकू येते, म्हणून सुती साड्या. बांगड्या मात्र आईने काढल्या नाहीत. त्या सहाही भागांत वाजतात.

पैशांचं म्हणाल तर 2007 साली फेलिशिया डे ह्या अभिनेत्रीने 'द गिल्ड' ही इंटरनेटवरची मालिका अशीच घरगुती सुरू केली होती. तीन भागांनंतर पैसे संपले, तेव्हा प्रेक्षकांनी देणग्या पाठवल्या आणि पहिल्या सीझनचे दहा भाग पुरे झाले. आम्हाला देणग्या नाही आल्या, डबे आले. जानेवारीतल्या बर्फात कुणी साबुदाण्याची खिचडी घेऊन चाळीस मैल गाडी हाकत येतं, ह्याला काय म्हणायचं!

संकलन चौदा वर्षांच्या मुलाकडे होतं. घरात तो मराठी समजतो आणि उत्तर इंग्रजीत देतो. तुमच्याकडेही तेच असणार. पहिल्या भागात त्याने आजीची वाक्यं मध्येच तोडली. "जेवण झालं की मी खाली" एवढ्यावर कात्री. आजी खाली येणार की खाली जाणार नाही, पत्ता नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ते ऐकल्याशिवाय कापता येत नाही, हे त्याला रविवारच्या शाळेत कळलं नव्हतं. मग तो आजीच्या शेजारी बसून एकेक वाक्य विचारू लागला. इंग्रजी उपशीर्षकांची गंमत उलटी: तिथे क्रियापद आधी येतं, त्यामुळे वाचणारी मुलं आजी बोलायच्या आधीच हसतात. त्यावर आम्हाला उपाय सापडला नाही.

सहावा भाग मार्चच्या शेवटी लिहिला. विमानतळावर परवानगीशिवाय चित्रण करता येत नाही, म्हणून निरोप आमच्या गराजमध्येच घेतला. आजी बॅग वजनकाट्यावर ठेवते, तेवीस किलोंच्या वर भरते, ती एकेक वस्तू बाहेर काढते. नात विचारते, "पुढच्या वर्षी येशील ना?" मी लिहिलं होतं, "येणार तर! तुझ्या वाढदिवसाला." आई नातीचं काम करणाऱ्या मुलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बघू."

मी दुसरा टेक मागितला. तेव्हाही "बघू"च.

आमच्या ह्यांना वाटलं, शेवट पडला, लोकांना आनंदाचा शेवट हवा असतो. संकलनाच्या वेळी त्यावर आमचं चांगलं वाजलं. पण आई शहात्तर वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात, आणि आल्याच्या दिवशीच ती म्हणाली होती की हा प्रवास आता झेपत नाही. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. मुलाला विचारलं, कुठे कापू या? तो म्हणाला, "नको कापू. ती खरं बोलतेय." मराठीत म्हणाला.

एप्रिलात आई गेली. शेवटचा भाग तिने मिरजेत भाच्याच्या फोनवर पाहिला आणि एवढंच म्हणाली, की गराज झाडून घ्यायला हवं होतं.

प्रेक्षक चारशेच्या आत आहेत आणि त्यांतले निम्मे आमचे नातेवाईक. दुसऱ्या सीझनमध्ये आजी मिरजेतून फोनवर बोलेल. तिचे सकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ, तेव्हा चित्रण रात्रीच. तिची अट एकच आहे: टेक एक. आजोबांच्या कामासाठी गृहस्थ हवे आहेत, मिशा असल्यास उत्तम. इच्छुकांनी कोजागिरीला मला भेटावं.