पिकअपचा दिवा बदलताना

बेळगावचा भाजीपाला घेऊन चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरणाऱ्या पिकअप गाडीला रात्रीचा प्रवास चुकत नाही. अशा गाडीचा पुढला दिवा फुटला किंवा अंधूक झाला, म्हणजे तो समूळ बदलावा लागतो. आजच्या दिव्यांची काच बहुधा पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची असते. वरचा संरक्षक लेप उन्हाने झिजला की ती पिवळी पडते.

हे काम साध्या पान्यांनी होते. प्रथम गाडी बंद करून बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. पुढली जाळी, आणि काही गाड्यांत बंपरही, सैल केल्यावर दिव्याचे बोल्ट दिसतात. काढलेले बोल्ट क्रमाने वाटीत ठेवावेत. जोडणीची खिट्टी दाबून सॉकेट ओढावे. तारांना हिसका देऊ नये. हॅलोजन बल्बच्या काचेला बोटे लावू नयेत. कातडीवरचा तेलकटपणा तेथे राहून काच एका जागी अधिक तापते आणि बल्ब लवकर जातो. मागचे रबरी टोपण घट्ट बसवावे, नाहीतर पहिल्याच पावसात दिव्यात दमट वाफ धरते.

नवा दिवा घेताना तो डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी घडवलेला आहे ना, हे पाहावे. आपल्याकडील डिपरचा झोत डाव्या कडेला किंचित वर चढतो. परदेशी उजव्या वाहतुकीचा दिवा बसवला, तर तीच चढती कड समोरच्याच्या डोळ्यांत जाते.

श्रोतेहो, बोल्ट आवळले म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. आता झोत जुळवावयाचा असतो. चाकांत हवा पुरती भरून गाडी सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. डिपरच्या उजेडाची वरची सपाट कड त्या रेघेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली यावी. उत्पादकाने निराळे प्रमाण दिले असल्यास तेच पाळावे.

पिकअपची खरी अडचण येथेच आहे. हौद्यात माल भरला की मागचे पाटे दबतात आणि गाडीचे नाक वर उचलले जाते. ते केवळ एक अंशाने उचलले, तरी ५० मीटरवर झोत सुमारे ८७ सेंटिमीटर वर चढतो. म्हणजे समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांवर पडतो. झोत खाली करण्याचा खटका असल्यास माल भरताच तो फिरवावा. तशी सोय नसल्यास नेहमीचा भार ठेवूनच जुळणी तपासावी. रिकाम्या गाडीचा उजेड मग थोडा जवळ पडेल, आणि वेग त्या मानाने आवरावा लागेल. पण घाटाच्या वळणावर समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला रस्त्याची कड दिसत राहील.