हुरुपाची रोजकीर्द

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर वह्यांची पूजा चालते. त्या वह्या तपासण्याची सनद मिळवू पाहणारा परीक्षार्थी त्या वेळी माडीवरच्या खोलीत जानेवारीच्या परीक्षेची उजळणी करीत बसलेला असतो. फराळाला आलेला पाहुणा हमखास विचारतो, "काय, झालास का सी. ए.?" अभ्यासाने माणूस थकत नाही इतका या प्रश्नाने थकतो!

ही परीक्षा घेणारी संस्था १९४९ च्या कायद्याने स्थापन झाली. तिचे बोधवाक्य कठोपनिषदातले, आणि विषय जागेपणाचा. मात्र रात्र रात्र जागणे म्हणजे जागेपण नव्हे. आपण कोठे उभे आहोत याची शुद्ध असणे, हे खरे जागेपण.

अंतिम परीक्षेचे गट दोन. प्रत्येकात शंभर गुणांच्या तीन प्रश्नपत्रिका. प्रत्येकीत निदान ४० गुण हवेत, शिवाय गटात ३०० पैकी १५०. म्हणजे ४८, ४९ आणि ५० मिळविणारा प्रत्येक विषयात तरतो आणि गटात बुडतो. तोही अवघ्या तीन गुणांनी! बरोबरीचे मित्र पगार घरी आणू लागलेले असतात. अशा वेळी मन म्हणते, 'सोडून द्यावे.' पण ७२, ६५ आणि ३८ गुणांनी नापास झालेल्याचे पाहा. साठीच्या वर गेलेल्या दोन्ही विषयांत त्याला पुढील तीन परीक्षांपुरती सूट मिळते. नापासाच्या गुणपत्रिकेलाही जमेची बाजू असते. रडून झाल्यावर ती शांतपणे वाचावी.

हुरूप आधी येतो आणि अभ्यास मागाहून, असा आपला समज असतो. अनुभव उलटा आहे. दोन उदाहरणे सुटली, की तिसऱ्यासाठी हुरूप आपसूक येतो. म्हणून परीक्षार्थ्याने स्वतःची एक रोजकीर्द ठेवावी. तीत 'उद्या करीन' ही नोंद नको. आज जे प्रत्यक्ष झाले तेवढेच लिहावे. आठवड्याला ताळेबंद मांडावा. यंत्राला घसारा लागतो तसा पाठ केलेल्या कलमांनाही लागतो. तेव्हा रविवार उजळणीला राखावा. आणि एखाद्या दिवशी पान कोरे राहिले, तर ते कोरेच ठेवावे. खोटी नोंद करू नये.

उद्या याच मुलाच्या सहीवर भरवसा ठेवून परकी माणसे आपला पैसा गुंतविणार आहेत. त्या सहीची तालीम या साध्या वहीतच होत असते.