शब्दकोश मिटून ठेवा

जपानमधला विद्यार्थी विद्यापीठात येतो तेव्हा माध्यमिक शाळेतली इंग्रजीची सहा वर्षे त्याच्या गाठीशी असतात. तरीही त्या भाषेतले पुस्तक आपणहून उघडणारा विरळाच. याचे मोठे कारण तिथल्या शिकवण्याच्या जुन्या पद्धतीत आहे. तिला ‘याकुदोकु’ म्हणतात. एकेक वाक्य घ्यायचे, शब्दांचे अर्थ शोधायचे आणि सगळे जपानीत उतरवायचे. अशाने तासाभरात जेमतेम पानभर मजकूर होतो; गोष्ट कुठे चालली आहे हे कळायच्या आत घंटा वाजते. वाचनाची गोडी लागायला निदान वाचन तरी व्हायला हवे!

तोक्योच्या इलेक्ट्रो-कम्युनिकेशन्स विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे साकाई कुनिहिदे यांनी वेगळी वाट काढली. तिचे नाव ‘तादोकु’, म्हणजे भरपूर वाचन. नियम तीनच: शब्दकोश बघायचा नाही, कळणार नाही ते सोडून पुढे जायचे, पुस्तक कंटाळवाणे झाले की ते ठेवून दुसरे घ्यायचे. सुरुवात पानावर चार-दोन शब्द असलेल्या चित्रपुस्तकांपासून. 2002 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात उद्दिष्ट मात्र दहा लाख शब्द वाचण्याचे आहे. विशीतल्या मुलांच्या हाती बालपुस्तके देणे अपमानास्पद वाटेल. पण अडखळत वाचलेल्या अभिजात कादंबरीपेक्षा सलग वाचलेली साधी गोष्ट जास्त शिकवते.

या सोपेपणाला संशोधनाचा आधार आहे. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले शंभरातले सुमारे 98 शब्द ओळखीचे असावे लागतात. मूळ इंग्रजी कादंबरी वाचताना ही पातळी गाठायची तर आठ-नऊ हजार शब्दकुळे (मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कूळ) ठाऊक हवीत. साधारण विद्यार्थी तिथवर पोहोचलेला नसतो. त्याच्यासाठी मोजक्या शब्दांत लिहिलेली ‘ग्रेडेड रीडर’ पुस्तके असतात. ऑक्सफर्डच्या ‘बुकवर्म्स’ मालिकेत पहिल्या पायरीला 400 मूळ शब्द आहेत, तर सहाव्या पायरीला 2500. या प्रकाराचा एक उगम आपल्याच उपखंडातला आहे. 1920च्या दशकात ढाक्यात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांसाठी दुर्मीळ शब्द गाळून वाचनमाला तयार केली होती.

नाराज विद्यार्थ्यांवर अशा वाचनाचा काय परिणाम होतो, हे संशोधक बेनिको मेसन यांनी जपानमध्येच तपासले. इंग्रजीत नापास होऊन तोच विषय पुन्हा घेतलेल्या वर्गाला त्यांनी नेहमीच्या स्वाध्यायांऐवजी सोपी पुस्तके वाचायला दिली. भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांच्याबरोबर 1997 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्या सांगतात, की हा वर्ग सत्राच्या आरंभी नेहमीच्या वर्गाच्या बराच मागे होता आणि अखेरीस त्याने जवळजवळ बरोबरी गाठली. इंग्रजीला कंटाळलेल्यांपैकी अनेकांना वाचनाची ओढ लागली, हे गुणांपेक्षा महत्त्वाचे.

अडचण येते ती गुण देताना. पुस्तक खरेच वाचले का, हे पाहण्यासाठी क्योतो सांग्यो विद्यापीठाचे थॉमस रॉब यांनी संगणकावरच्या छोट्या प्रश्नमंजुषांची व्यवस्था उभी केली. शेकडो विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवायला ती सोयीची आहे. मात्र शब्दसंख्येवर गुण मिळू लागले, की आकडा फुगवण्यासाठी वाचणारेही निघतात. भाषाशिक्षणाचे अभ्यासक रिचर्ड डे आणि ज्युलियन बॅमफर्ड यांनी 2002 साली मांडलेल्या भरपूर वाचनाच्या दहा तत्त्वांत म्हणूनच वाचन हेच वाचनाचे बक्षीस मानले आहे. पुस्तक विद्यार्थ्याने निवडावे आणि शिक्षकाने स्वतः वाचताना दिसावे, असेही त्यांत आहे. यातली शेवटची अट फुकटात पाळता येते, तरी तीच सर्वांत कमी पाळली जात असावी.

आपल्याकडे मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची इंग्रजी पुस्तकाशी गाठ बहुधा थेट जाडजूड पाठ्यपुस्तकातच पडते. महाविद्यालयांनी ग्रंथालयात अशा बारीक, सोप्या पुस्तकांचे एक कपाट उघडे ठेवावे, आठवड्यातला एक तास त्यासाठी द्यावा आणि त्यावर परीक्षा घेऊ नये.