‘तोच हा’ कशावरून? हवेतल्या जंतूंचा माग

आपल्या दर्शनांमध्ये ओळख पटण्याचं एक ठरलेलं उदाहरण आहे: ‘तोच हा देवदत्त’. पूर्वी पाहिलेला माणूस आज पुन्हा दिसला, ओळखला. माणसाच्या बाबतीत हे जमतं. पण हवेत सोडलेला जंतू दोन मैलांवर सापडला, तर ‘तोच हा’ असं कशावरून म्हणायचं?

एक घडलेली गोष्ट सांगतो. सप्टेंबर १९५०. अमेरिकी नौदलाच्या एका जहाजानं सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्याजवळ जंतूंचे फवारे सोडले. शत्रूनं असा हल्ला केला तर तो किती पसरेल, हे बघायचं होतं. ४३ ठिकाणी हवेचे नमुने घेतले. फवाऱ्यातला एक जंतू होता सेरॅशिया मार्सेसेन्स. तो का निवडला? एक तर तो निरुपद्रवी समजला जाई. दुसरं म्हणजे, प्रयोगशाळेत वाढवला की त्याचे लाल ठिपके दिसतात. रंग हीच त्याची खूण. शहरातल्या लोकांना मात्र कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही.

थोड्याच दिवसांत शहरातल्या एका रुग्णालयात अकरा जणांना या जंतूचा संसर्ग झाला. त्यातला एक दगावला. प्रयोगाची बातमी फुटली ती १९७६ साली. मृताचे नातेवाईक कोर्टात गेले आणि हरले. रुग्णाच्या शरीरातला जंतू फवाऱ्यातलाच होता, हे सिद्ध झालं नाही.

आता बघा, लाल रंगानं काय कळतं? फक्त जात. सेरॅशिया माती-पाण्यात एरवीही असतो. ‘हा सेरॅशिया आहे’ हे एक विधान, ‘हा आम्ही सोडलेला सेरॅशिया आहे’ हे दुसरं. पहिल्यावरून दुसरं निघत नाही.

ही फट जनुकीय खुणेनं बुजवता येते. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा जंतू आहे. आपल्या बीटी कापसातलं ‘बीटी’ ते हेच. तो अँथ्रॅक्सच्या जंतूचा नातलग, पण अळ्या मारायला शेतांवर, जंगलांवर फवारतात. म्हणून अँथ्रॅक्सऐवजी चाचणीत तो वापरतात. पण फवारणीमुळे तो आधीच सगळीकडे असतो, म्हणजे अडचण तीच! २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात त्याच्या डीएनएमध्ये एक छोटा, मुद्दाम रचलेला तुकडा घातला. दुकानातल्या मालावर बारकोड असतो ना, तसा. वेगवेगळ्या खेपांना वेगवेगळे बारकोड देता येतात. मग हवा फिल्टरमधून ओढायची, डीएनए काढायचा आणि पीसीआरनं नेमका तो तुकडा शोधायचा. कोविडमुळे हा शब्द आता घरोघरी माहीत आहे.

पण याला मर्यादा आहेत. मेलेल्या जंतूतही डीएनए असतो. म्हणून जंतू जिवंत आहे का, हे पीसीआर सांगत नाही. त्यासाठी तो वाढवूनच बघावा लागतो. आणि आजार त्यानंच झाला का, हे तर आणखी वेगळं सिद्ध करावं लागतं. बारकोड ‘कुठून आला’ एवढंच सांगतो.

तेवढंही थोडं नाही. सोडणाऱ्याला ‘तो कुणाचाही असेल’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत. अट एकच: कोणता बारकोड कुणाचा, ही नोंद लोकांना बघता आली पाहिजे. ती तिजोरीत राहिली, तर बारकोड असून नसल्यासारखाच. आणि ज्यांच्या श्वासातून हे जाणार त्यांना आधी विचारायचं की नाही, याचं उत्तर कुठलीही खूण देत नाही. ते आपणच द्यायचं आहे.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.