ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी गळती पाहा

टर्बो बसवलेली किंवा फेरबदल केलेली पेट्रोल गाडी काळा धूर सोडू लागली, की पुष्कळ कारागीर आधी ऑक्सिजन सेन्सर बदलतात. गिऱ्हाइकाचे पैसे जातात, दोष तसाच राहतो.

सेन्सर धुरातल्या ऑक्सिजनची खबर कॉम्प्युटरला देतो. साधा सेन्सर गरम झाल्यावर सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्ट दाखवतो. पेट्रोल कमी तर व्होल्ट कमी, जास्त तर जास्त. संथ चालीत आकडा सारखा वरखाली होत असेल तर सेन्सर चालू समजावा.

काळा धूर असूनही व्होल्ट कमी दिसत असतील तर सेन्सरच्या अलीकडचा एक्झॉस्टचा जोड तपासा. तेथून बाहेरची हवा शिरते, कॉम्प्युटर फसतो आणि पेट्रोल वाढवतो. व्होल्ट जास्त असतील तर एअरफ्लो मीटर ते इंजिन यांमधले होज पाहा. मोजलेली हवा तेथून निसटते, पेट्रोल मात्र पूर्ण पडते. गळती बंद करूनही आकडा हलत नसेल, तर वायर तपासून मगच सेन्सर बदला.

टर्बोच्या पूर्ण दाबावर बहुतेक कॉम्प्युटर या सेन्सरचे ऐकत नाहीत. तेव्हा पेट्रोल कमी पडत असेल तर पंप, फिल्टर व इंजेक्टर पाहा आणि नेमके प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर लावा. येथे हयगय केली तर पिस्टन वितळू शकतो.