पुढच्या चित्राची नजर

उमरठ आणि सिंहगड ही नावं मराठी माणूस एका दमात घेतो. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठचे तानाजी मालुसरे १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर, म्हणजेच सिंहगडावर, पडले. त्यांची समाधी उमरठला आहे. त्याच सिंहगडावर १९७३ मध्ये दूरदर्शनचं सहप्रक्षेपण केंद्र सुरू झालं आणि वरळीच्या स्टुडिओतलं चित्र पुण्यातल्या घरांत दिसू लागलं. टीव्हीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. गडाची उंची त्यासाठीच हवी होती. त्याच कारणानं सह्याद्रीच्या पोटातल्या महाड-पोलादपूरच्या खोऱ्यांत मुंबईचं चित्र पकडणं सोपं नव्हतं.

डोंगर ओलांडून जाणारं हे चित्र कित्येकदा त्याच क्षणी घडत असे. निवेदिकेनं वरळीत मान वर केली, की पुण्यातल्या प्रेक्षकाला ती तेव्हाच दिसे. मधे संकलक नाही, दुसरी संधी नाही. तीन कॅमेऱ्यांपैकी कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र आत्ता घराघरांत जाईल, हे एक माणूस ठरवत असतो. दूरदर्शनवर त्याला निर्माता म्हणत, आज त्याला दिग्दर्शक म्हणतात.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. देशातलं पहिलं दिल्लीचं, १९५९ मधलं, मुंबईचं दुसरं. तेव्हा दूरदर्शन हे आकाशवाणीचाच भाग होतं, १९७६ मध्ये ते वेगळं झालं. टीव्ही कसा करायचा हे मराठीत आधी कुणी केलेलंच नव्हतं. निर्माते आले ते नाटकातून, आकाशवाणीतून, साहित्यातून. विनय आपटे यांचा ‘गजरा’, विजया जोगळेकर-धुमाळे यांची ‘चिमणराव’ मालिका आजही लोक आठवणीनं सांगतात. मराठी बातम्या वाचणाऱ्यांत स्मिता पाटील होत्या, भक्ती बर्वे होत्या. पडद्यावरचे चेहरे घराघरांत ओळखीचे झाले. काचेपलीकडे बसून ते चेहरे योग्य वेळी योग्य अंतरावरून दाखवणारी माणसं मात्र कार्यक्रमाअखेरच्या नामावलीत क्षणभर दिसून जात.

ही माणसं बसतात ती नियंत्रण कक्षात. समोर मॉनिटरची भिंत. प्रत्येक कॅमेऱ्याला एक मॉनिटर, एक तयार चित्राचा आणि एक बाहेर जाणाऱ्या चित्राचा. शेजारी व्हिजन मिक्सरवर बोटं ठेवून बसलेला सहकारी, पलीकडे ध्वनी सांभाळणारा, आणि घड्याळाकडे डोळे लावून बसलेली सहाय्यक. खाली फ्लोअरवर कानाला हेडफोन लावलेला फ्लोअर मॅनेजर. कॅमेरामन, फ्लोअर मॅनेजर आणि नियंत्रण कक्ष यांना जोडणारी टॉकबॅकची तार तुटली, तर सगळा कारभार हातवाऱ्यांवर येतो.

नवख्या माणसाला वाटतं, दिग्दर्शक बाहेर जाणारं चित्र बघत असेल. ते तो अर्ध्या डोळ्यानं बघतो, कारण ते आता त्याच्या हातातून गेलेलं आहे. त्याचं खरं लक्ष असतं अजून बाहेर न गेलेल्या चित्रांवर. दोन नंबरचा कॅमेरा पाहुण्याच्या चेहऱ्यावर स्थिर झाला का? तीन नंबरला सूत्रसंचालकाच्या हातातलं पुस्तक सापडलं का? ‘दोन, स्टँडबाय.’ मग कान बोलणाऱ्याच्या वाक्यावर. पाहुणा श्वास घेतो, उत्तर सुरू होणार हे कळतं, आणि ‘टेक टू.’ मिक्सरचं बटण दाबलं जातं, दोन नंबरच्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागतो. लाल दिवा लागलेल्या कॅमेऱ्यानं विनाकारण हलायचं नाही. बाकीच्यांनी त्याच अवधीत आपली पुढची जागा पकडायची.

वाक्य सुरू झाल्यावर कट केला, तर प्रेक्षकाला आवाज एकाचा ऐकू येतो आणि चेहरा दुसऱ्याचा दिसतो. फार आधी केला, तर तोंड मिटून बसलेला माणूस दिसतो. चांगला कट श्वासावर बसतो. म्हणून या कामात डोळ्यांइतकेच कान लागतात, आणि नाटकाच्या तालमी पाहून आलेल्या मराठी निर्मात्यांना हे लवकर साधलं असावं. संवादात विराम कुठे येतो, हसू कुठे फुटतं, हे त्यांना रंगभूमीनंच शिकवलेलं होतं.

यंत्राची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडच्या जुन्या प्रणालीत सेकंदाला २५ चित्रं आणि प्रत्येक चित्रात ६२५ रेषा. सगळे कॅमेरे एकाच स्पंदनावर चालवले जातात, म्हणजे प्रत्येकाचं चित्र एकाच क्षणी सुरू होतं आणि एकाच क्षणी संपतं. मिक्सर दोन चित्रांच्या मधल्या सूक्ष्म फटीत अदलाबदल करतो. ही शिस्त नसती, तर प्रत्येक कटला पडद्यावर चित्र उडी मारताना दिसलं असतं.

यंत्राइतकाच कडक दुसरा धनी म्हणजे घड्याळ. बातम्या ठरल्या क्षणी संपायला हव्यात, म्हणून हिशोब शेवटाकडून मांडतात: समारोपाला वीस सेकंद, हवामानाला दीड मिनिट, त्याआधीची बातमी कधी संपली पाहिजे? फ्लोअर मॅनेजर बोटांनी उरलेली मिनिटं दाखवतो, हवेत बोट गोल फिरवलं की आवरतं घ्यायचं, दोन्ही हात लांब ताणले की वेळ भरून काढायची. निवेदकानं हे सगळं बघायचं, आणि प्रेक्षकाला त्याची नजर हलल्याचं कळू द्यायचं नाही.

सगळं ठरवूनही काय घडू शकतं, याचं सर्वांत जीवघेणं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. ३० नोव्हेंबर १९५८. ‘अंडरग्राउंड’ हे नाटक थेट प्रक्षेपित होत होतं, दिग्दर्शक होते टेड कॉचेफ. नाटक चालू असताना, आपल्या दोन प्रवेशांच्या मधे, गॅरेथ जोन्स हा तरुण नट कोसळला आणि गेला. कॅमेऱ्यासमोरचे नट त्याच्या येण्याची वाट बघत होते. तो आला नाही, तेव्हा त्यांनी संवाद रचत प्रसंग पुढे नेला. मध्यंतरात कॉचेफनी आखलेले शॉट बाजूला ठेवले. उरलेलं नाटक फुटबॉलच्या सामन्यासारखं टिपायचं ठरलं: नट जिकडे जाईल तिकडे कॅमेरा. नाटक शेवटापर्यंत गेलं. त्या रात्री दिग्दर्शकाकडे संहिता उरली नव्हती. उरली होती ती एकमेकांचं ऐकायची सवय लागलेली माणसं.

मराठी मालिकांमध्ये आज बहुतेक काम ध्वनिचित्रमुद्रित होतं, आणि चूक झाली तर प्रसंग पुन्हा होतो. थेट कामाची परीक्षा बातम्यांत, निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी, क्रिकेटच्या मैदानावर होते. महाड तालुक्यातल्या रायगडावर शिवराज्याभिषेकाचा सोहळा होतो, तेव्हाही तेच: स्टुडिओ नाही, पुन्हा एकदा करा म्हणायची सोय नाही, राजसदरेवर घोषणा झाली त्या क्षणी मेघडंबरीचं चित्र तयार हवं.

हे शिकायची जुनी जागा पुण्यातच आहे. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचं प्रशिक्षण दिल्लीहून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आलं आणि दूरदर्शनचे अनेक कर्मचारी तिथे घडले. बहुकॅमेरा काम शिकण्याची उत्तम रीत म्हणजे प्रत्येक खुर्चीवर आळीपाळीनं बसणं. कॅमेरा धरलेल्याला कळतं की ‘टेक’च्या आधी ‘स्टँडबाय’ आला नाही, तर किती धांदल उडते. फ्लोअरवर उभं राहिलेल्याला कळतं की कानातला आवाज चढला, की हातही थरथरतो. दिग्दर्शकाच्या खुर्चीवर तो विद्यार्थी बसतो तेव्हा त्याचं पहिलं काम असतं आवाज खाली ठेवणं, आणि हुकूम तेवढेच देणं, जेवढे पुढच्या चित्राला लागतात.