आग न पाहणारे बंबवाले

बंब तर तुम्ही पाहिलाच असेल. लालभडक, घंटा ठणठणत सुसाट जाणारा. रस्त्यातली वाहनं कशी पटापट बाजूला होतात! शिडी, पाण्याचे पाइप, हेल्मेट घातलेले जवान. चित्र काढायला सांगितलं की वर्गातली चार-पाच मुलं तरी हमखास बंब काढतात.

पण या बंबाला ‘अमुक गल्लीत जा’ असं सांगतं कोण? त्या माणसाचं चित्र कुणी काढत नाही. तो आगीच्या जवळपासही नसतो. लांब कुठेतरी एका खोलीत, कानाला फोन लावून बसलेला असतो. आगीची वर्दी घ्यायची, जवळ कोणता बंब मोकळा आहे ते बघायचं आणि त्याला रवाना करायचं, हे त्याचं काम. इंग्रजीत त्याला डिस्पॅचर म्हणतात. आपण १०१ लावला की पलीकडून बोलतो, तोही याच जातकुळीतला.

न्यूयॉर्क शहरात मात्र जुन्या डिस्पॅचरांच्या आठवणी लोक अजूनही काढतात. जुन्या रेडिओ निवेदकांच्या आवाजाबद्दल आपले आजी-आजोबा बोलतात ना, अगदी तशाच प्रेमाने!

सुरुवात झाली घंटेपासून. फोनचा शोध लागायच्याही आधी, १८५२ साली, बॉस्टनमध्ये विल्यम चॅनिंग नावाचे डॉक्टर आणि मोझेस फार्मर नावाचे तंत्रज्ञ यांनी मिळून आगीची तारयंत्रणा उभी केली. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक पेटी. प्रत्येक पेटीला तिचा नंबर. पेटीची मूठ ओढली की आतलं दातेरी चाक फिरायचं, एकेका दात्यासरशी विजेचा प्रवाह तुटायचा, आणि मुख्य कचेरीत तेवढे ठोके पडायचे. समजा, पेटीचा नंबर ३४२ आहे. मग तीन ठोके, जरा थांबून चार, पुन्हा थांबून दोन. झालं! बोलायला नको की पत्ता सांगायला नको.

न्यूयॉर्कनेही हीच पद्धत उचलली. कचेरीत ठोके पडता पडता कागदाच्या पट्टीवर खुणाही उमटायच्या. डिस्पॅचर कानाने मोजायचा, डोळ्यांनी ताडून बघायचा. मग त्या नंबरचं कार्ड काढायचा. कोणते बंब आधी पाठवायचे, आग वाढली तर मागून कोणते, सगळं कार्डावर लिहिलेलं. मग तोच नंबर ठोक्यांनी अग्निशमन केंद्रांना कळवायचा. तिथेही एक जवान पहाऱ्यावर बसून ठोके मोजत असायचा. मुरलेल्या डिस्पॅचरांना कार्ड बघायचीही गरज पडत नसे. नंबर कानावर पडला की तो चौक त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राही. पाढे पाठ करताना कुरकुरणाऱ्यांनी जरा कल्पना करावी, शहरभरात अशा हजारो पेट्या होत्या!

या कचेऱ्या कुठे बांधल्या होत्या, माहीत आहे? बागेत! मॅनहॅटनची सेंट्रल पार्कमध्ये, क्वीन्सची फॉरेस्ट पार्कमध्ये, ब्रुकलिनची वनस्पती उद्यानाशेजारी आणि ब्राँक्सची प्राणिसंग्रहालयाजवळ. हौस म्हणून नव्हे हं. शेजारची इमारत पेटून कचेरीच जळाली तर सगळं शहरच बहिरं होईल, म्हणून ती इतर इमारतींपासून लांब, झाडांत.

ठोके चुकले तर काय होतं, हे शिकागोला विचारा. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री तिथल्या कोर्टाच्या मनोऱ्यावरून मॅथायस शेफर या पहारेकऱ्याला दूरवर ज्वाळा दिसल्या. त्याने खाली तारयंत्रावर बसलेल्या विल्यम ब्राऊनला पेटी नंबर ३४२ वाजवायला सांगितलं. ती जागा आगीपासून बरीच लांब होती. थोड्या वेळाने चूक लक्षात आली आणि शेफरने ३१९ वाजवायला सांगितलं. ब्राऊनने नकार दिला. आता नंबर बदलला तर बंबवाल्यांचा गोंधळ उडेल, असं त्याचं म्हणणं. शहर जळायला एवढं एकच कारण नव्हतं. वारा होता, लाकडी घरं होती, उन्हाळाभर पाऊस नव्हता. तरी सुमारे ३०० माणसं गेली आणि एक लाख बेघर झाली. मला ब्राऊनचा राग येत नाही. पण त्या रात्रीनंतर त्याला झोप कशी लागली असेल, असं वाटून जातं खरं.

न्यूयॉर्कच्या डिस्पॅचरांची खरी परीक्षा झाली १९७० च्या दशकात. ब्राँक्स आणि ब्रुकलिनमधल्या गरीब वस्त्या तेव्हा रोज रात्री जळत होत्या. घरमालकांनी सोडून दिलेल्या इमारती, जुनाट वायरी, विम्याच्या पैशांसाठी मुद्दाम लावलेल्या आगी. त्यातच टवाळ पोरं गंमत म्हणून रस्त्यावरच्या पेटीची मूठ ओढून पळून जायची. पेटी काही खरं-खोटं सांगत नाही. डिस्पॅचरला बंब पाठवावाच लागे. तो बंब रिकाम्या चौकात उभा, आणि खरी आग दोन गल्ल्या पलीकडे!

अशा रात्री त्यांचा खेळ बुद्धिबळासारखा चाले. एका भागातले सगळे बंब मोठ्या आगीवर गेले की तिथली केंद्रं ओस पडत. मग लांबच्या केंद्रातला बंब या रिकाम्या केंद्रात आणून बसवायचा. पण त्यामुळे तो लांबचा भाग उघडा पडला, त्याचं काय? तिथे आणखी तिसरीकडचा हलवायचा. हे सगळं डोक्यात, एकीकडे फोन खणखणत असताना. जुलै १९७७ मध्ये एका रात्री सगळ्या शहराची वीज गेली. लुटालूट झाली, आणि हजाराच्या वर आगी लागल्या! आणि खोलीत बसलेल्या या माणसांनी त्यातली एकही आग पाहिली नाही. फक्त ऐकली.

त्यांचं नावही कुणाला ठाऊक नसे. रेडिओवर संदेश दिला की शेवटी किती वाजले ते सांगायचं आणि आपला नंबर. बस्स. ऐकणाऱ्यांसाठी तेवढीच ओळख. पण धुरात सापडलेल्या जवानाला पलीकडून शांत, ठाम आवाज आला की धीर येई. आवाज चढला की सगळ्यांचाच धीर सुटतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

११ सप्टेंबर २००१. वर्ल्ड ट्रेड सेंटरवर पहिलं विमान आदळलं तेव्हा बटालियन चीफ जोसेफ फायफर जवळच्याच रस्त्यावर होते. त्यांनी रेडिओवरून डिस्पॅचरला कळवलं आणि जादा कुमक मागितली. सेंट्रल पार्कमधल्या त्या जुन्या कचेरीतून बंबामागून बंब सुटले. ९ वाजून ५९ मिनिटांनी पहिला मनोरा कोसळला, १० वाजून २८ मिनिटांनी दुसरा. डिस्पॅचर एकेका पथकाला हाका मारत राहिले. कित्येकांकडून उत्तर आलंच नाही. त्या दिवशी दलाचे ३४३ लोक गेले. ज्यांनी त्यांना पाठवलं, ती माणसं खुर्ची सोडून उठली नाहीत. शहरात बाकीच्या वर्द्याही येतच होत्या ना!

ठोक्यांची जुनी यंत्रणा मागे पडली. ९११ नंबर आला, कॉम्प्युटर आले. पण एक ठोका तेवढा जपून ठेवलाय. कर्तव्यावर असताना जवान गेला की आजही ‘पाच-पाच-पाच-पाच’ असा संकेत दिला जातो आणि केंद्रांवरचे झेंडे अर्ध्यावर येतात.

आणि कोपऱ्यावरच्या त्या लाल पेट्या? १९९० च्या दशकात महापालिका त्या काढायला निघाली होती. पण कर्णबधिर लोक कोर्टात गेले. आम्ही फोनवर बोलणार कसे, असा त्यांचा सवाल होता. कोर्टाला तो पटला आणि पेट्या राहिल्या.

त्या काळी काही हौशी मंडळी घरी रेडिओ लावून अग्निशमन दलाचं बोलणं ऐकत बसायची. कुणी कुणी ते टेपवरही उतरवून घेतलं. त्या टेप आजही ऐकल्या जातात. खरखर, मागे फोनची घंटा, कुठल्यातरी चौकाचं नाव. मग किती वाजले ते, आणि एक नंबर. म्हातारे झालेले जवान तो नंबर ऐकतात आणि लगेच म्हणतात, “अरे, हा तर आपला तो!”